सुटले, मग केलं कोणी? पोलीस दल आणि वृत्तवाहिन्यांना मेढ्याहून खुले पत्र

प्रति,
मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य,
आणि मराठी वृत्तवाहिन्यांचे सर्व संपादक

स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यातल्या मेढ्याची. एका माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झाले. माझा धाकटा भाऊ मुंबई पोलिसात होता. आमच्या जावळी तालुक्यात हे काही विशेष नाही. इथल्या घरोघरी कोणी ना कोणी मुंबईत असतो. कोणी माथाडी, कोणी गिरणीत होता, कोणी पोलिसात. पलीकडे अपशिंग्याला तर गावाचं नावच मिलिटरी अपशिंगे पडलंय. त्यामुळे देशात कुठेही स्फोट झाला, गोळीबार झाला की इथल्या घरांत आधी फोन लावले जातात आणि मग टीव्ही लागतो. फोन लागला नाही तर टीव्हीवर जे दिसेल ते खरं मानून बसावं लागतं. म्हणून हे पत्र तुम्हा दोघांना मिळून लिहिते आहे.

लिहायला बसले ती गेल्या महिन्यातल्या दोन निकालांमुळे. २१ जुलै २०२५ला मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. त्यातल्या पाच जणांना खालच्या न्यायालयाने फाशी सुनावली होती. दहा दिवसांनी, ३१ जुलैला, २००८च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी विशेष न्यायालयातून सुटले. एका खटल्यातले आरोपी मुसलमान, दुसऱ्यातले हिंदू. मी दोन्ही रात्री बातम्या पाहिल्या. पहिल्या रात्री एका बाजूचे लोक चिडलेले होते, दुसऱ्या रात्री तेच आनंदात होते, आणि समोरच्या बाजूचं नेमकं उलट. दोन्ही रात्री मी एक प्रश्न ऐकायची वाट पाहत बसले. हे सुटले, मग केलं कोणी? लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, १८०हून जास्त माणसं गेली. मालेगावात सहा गेली. त्यांना कोणी मारलं? हा प्रश्न एखाद्याने ओझरता विचारला असेल, पण त्यावर कोणी थांबलं नाही.

आता आधी २००८ साली मुंबईवर झालेल्या अतिरेकी हल्ल्याच्या त्या तीन दिवसांबद्दल लिहिते, कारण माझं सगळं म्हणणं तिथूनच सुरू होतं.

२६ नोव्हेंबरच्या रात्री भाऊ दक्षिण मुंबईत ड्युटीवर होता. संध्याकाळी सातला त्याचा फोन येऊन गेला होता. दहाच्या सुमारास टीव्हीवर गोळीबाराची बातमी आली आणि त्यानंतर त्याचा फोन लागेना. आई पुढच्या खोलीत टीव्हीसमोर जी बसली ती तिसऱ्या दिवसापर्यंत. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. खाली धावणाऱ्या पट्ट्या मी वाचून दाखवायची. ती फक्त खाकी कपडे शोधायची. खाकी दिसली की पुढे वाकून, पडद्याला हात लावून बघायची. दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे डोक्यावर हेल्मेट चढवतायत, अंगात बुलेटप्रूफ जॅकेट घालतायत, हे दृश्य त्या रात्री किती वेळा दाखवलं असेल त्याला गणती नाही. ते गेल्याची बातमी आल्यावरही तेच दृश्य चालू होतं. आईने तेव्हा पदर तोंडात धरला होता.

२८ तारखेच्या सकाळी नरिमन हाऊसवर, अतिरेकी शिरलेल्या त्या ज्यू केंद्राच्या इमारतीवर, हेलिकॉप्टरमधून दोरीने कमांडो उतरत होते. आमच्या घरात शेजारपाजारची दहा-बारा माणसं जमली होती, सगळी श्वास रोखून बघत होती. आई एकदम म्हणाली, “अगं, आपल्याला मेढ्यात बसून दिसतंय, तर त्या आतल्यांना कोणी फोन करून सांगत नसेल का?”

आतल्यांना खरंच फोनवरून सांगितलं जात होतं. पाकिस्तानात बसलेली माणसं टीव्ही बघून ताजमधल्या, नरिमन हाऊसमधल्या अतिरेक्यांना सूचना देत होती. कुठे आग लागलेली दिसते, हॉटेलात कोण मोठी माणसं अडकलीत, बाहेर काय हालचाल चालू आहे. ती संभाषणं पुढे न्यायालयात पुरावा म्हणून आली. २९ ऑगस्ट २०१२ला, जिवंत पकडलेला एकमेव अतिरेकी कसाब याची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांवर स्वतंत्रपणे लिहिलं. या थेट प्रक्षेपणामुळे नक्की किती जवान जखमी झाले ते सांगता येणार नाही, पण सुरक्षा दलांचं काम त्याने अवघड आणि धोक्याचं झालं, आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याची ढाल पुढे करून त्याचं समर्थन करता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. माझ्या आईला जे टीव्हीसमोर बसून सुचलं ते तुमच्या न्यूजरूममधल्या एकालाही सुचलं नसेल, यावर माझा विश्वास नाही. सुचलं असणार. शेजारची वाहिनी दाखवतेय म्हणून थांबता आलं नाही.

२६ तारखेच्या रात्री सीएसटी स्टेशनवर विष्णू झेंडे नावाचे रेल्वेचे उद्घोषक होते. गोळीबार सुरू आहे हे कळल्यावर त्यांनी माइक सोडला नाही. प्रवाशांना मुख्य बाजूला येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा, असं ते सांगत राहिले. शेकडो लोक त्यामुळे वाचले असतील. त्यांच्याकडेही माइकच होता. लोकांना त्या क्षणी जे कळायला हवं तेवढंच ते बोलले. संकटाच्या वेळी बातमी कशी द्यावी हे मुलांना शिकवायचं झालं तर मी हेच उदाहरण देते.

सीएसटीवर पन्नासच्या वर माणसं मेली. ती आमच्यासारखी माणसं होती, बाकावर, पिशव्या उशाला घेऊन गाडीची वाट बघत बसलेली. आमच्याकडची मंडळी जिने येतात ती महालक्ष्मी एक्स्प्रेस तिथूनच जेमतेम दीड तास आधी सुटून गेली होती. पण नंतरचे कित्येक दिवस पडद्यावर ताजचा घुमट होता. स्टेशनवर मेलेल्यांची नावं मी पेपरात शोधून वाचली, टीव्हीवर क्वचित ऐकली.

भाऊ तिसऱ्या दिवशी रात्री बोलला. सुखरूप होता. पुढे दिवाळीला आला तेव्हा त्याने जे सांगितलं ते मी विसरलेले नाही. “ताई, आम्हाला वायरलेसवर काही धड कळत नव्हतं. कोण कुठे आहे, किती जण आहेत. कोपऱ्यावर दोघांत मिळून एक जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल आणि माझ्या हातात लाठी. फोन लागत होता तोवर तुझी वहिनी घरी टीव्ही बघून मला सांगत होती, अमुक रस्त्यावर जाऊ नका.” म्हणजे पोलिसाला बायकोकडून कळत होतं, बायकोला टीव्हीवरून, आणि टीव्हीला कोणाकडून, ते देवाला ठाऊक.

केडंबे आमच्याच तालुक्यात आहे. तुकाराम ओंबळे तिथले. लष्करातली नोकरी करून पोलिसात आले होते. गिरगाव चौपाटीवर त्यांच्याही हातात लाठीच होती. कसाबच्या एके-४७ची नळी त्यांनी हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून कसाब जिवंत सापडला. अशोकचक्र मिळालं, आम्हाला त्याचा अभिमान आहे, आयुष्यभर राहील. पण महासंचालक साहेब, दर २६ नोव्हेंबरला ओंबळ्यांच्या फोटोला हार घालताना ते लाठी घेऊन का उभे होते, हे कोणीतरी विचारायला हवं. हल्ल्याच्या चौकशीसाठी राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने ते विचारलं होतं. समुद्रातून हल्ला होऊ शकतो, ताजसारखी ठिकाणं लक्ष्य होऊ शकतात, असे इशारे आधी आले होते. दारूगोळ्याअभावी गोळीबाराचा सराव नीट झालेला नव्हता. तत्कालीन पोलीस आयुक्तांचं नेतृत्व त्या रात्री दिसलं नाही, असंही समितीने म्हटलं. करकऱ्यांच्या जॅकेटचं काय झालं हे विचारायला त्यांच्या पत्नीला माहितीचा अधिकार वापरावा लागला. ते जॅकेट गहाळ झालं होतं. त्याच रात्री गेलेले पोलीस अधिकारी अशोक कामटे यांच्या पत्नीलाही आपला नवरा कामा हॉस्पिटलच्या त्या गल्लीत कसा गेला, मदत वेळेत का पोहोचली नाही, हे कळायला कंट्रोल रूमच्या नोंदी अर्ज करून मागाव्या लागल्या. शहीद अधिकाऱ्यांच्या बायकांना आपल्याच खात्याकडे अर्ज करत फिरावं लागलं, याची मला एक पोलिसाची बहीण म्हणून फार वेदना होते.

आणि संपादकहो, त्या दिवसांत तुम्ही कशाच्या मागे लागला होता? आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना घडतात, या अर्थाचं एक वाक्य ते हिंदीतून बोलून गेले. ते बोलणं चुकीचंच होतं. तुम्ही ते वाक्य दिवसरात्र वाजवलंत आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. वर्षभराने ते पुन्हा त्याच खात्याचे मंत्री झाले. मधल्या काळात प्रधान समितीचा अहवाल आला होता. वाक्यावर जेवढा वेळ दिलात त्याच्या चौथा हिस्सा जरी त्या अहवालाच्या पानांना दिला असतात, तर लाठीचा आणि जॅकेटचा प्रश्न गावोगावी पोहोचला असता.

कसाबचा खटला मात्र मला वेगळा वाटतो. तिथे जिवंत आरोपी होता, सीसीटीव्हीचं चित्रण होतं, फोटो होते, प्रत्यक्ष पाहणारे साक्षीदार होते. तीन न्यायालयांत प्रकरण टिकलं. याच पोलिसांनी ते उभं केलं, म्हणजे खात्याला तपास करता येत नाही असं नाही. पण त्याच खटल्यात आणखी दोघे भारतीय आरोपी होते. मारल्या गेलेल्या अतिरेक्याच्या पँटच्या खिशात नकाशा सापडला आणि तो यांनी काढून दिलेला होता, असं पोलिसांचं म्हणणं. कपडे रक्ताने भरलेले, आणि नकाशावर रक्ताचा डाग नाही. न्यायालयाने त्यावर विश्वास ठेवला नाही. ते दोघे तिन्ही न्यायालयांतून सुटले. एवढा भक्कम खटला हातात असताना त्या नकाशाची गरज काय होती? याचं उत्तर मला कुठेच मिळालं नाही.

लोकल स्फोटांच्या निकालात तर असं पानोपानी आहे. टॅक्सीवाल्याचा जबाब घटनेनंतर शंभरावर दिवसांनी. ओळख परेड ज्याने घेतली त्याला ती घ्यायचा अधिकारच नव्हता. कबुलीजबाबांतला मजकूर एकमेकांतून उतरवल्यासारखा. बॉम्ब नेमका कोणत्या प्रकारचा होता, हेसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही. खरा गुन्हेगार मोकळा असताना गुन्हा उलगडल्याचा देखावा केला तर लोकांचा विश्वास ढासळतो आणि धोका तसाच राहतो, या आशयाचं उच्च न्यायालयाने लिहिलं आहे. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये एवढ्यापुरती स्थगिती मिळाली, सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. अंतिम निर्णय यायचा आहे. मालेगावच्या २००८च्या खटल्यात बॉम्ब पोलिसांनी दाखवलेल्या मोटारसायकलवर होता हे सिद्ध झालं नाही. २००६च्या मालेगाव स्फोटात नऊ मुसलमान तरुण धरले, २०११मध्ये त्यांना जामीन मिळाला आणि २०१६ला न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. अशा अटकांच्या वेळी पत्रकार परिषदा होतात, तोंडं झाकलेली माणसं कॅमेऱ्यांपुढे उभी केली जातात आणि तुम्ही त्यांना ‘मास्टरमाइंड’ म्हणता.

हे माझ्या घरापर्यंत कसं आलं ते सांगते. १३ फेब्रुवारी २०१०ला पुण्यात जर्मन बेकरीत स्फोट झाला, १७ जण गेले. माझा एक जुना विद्यार्थी तेव्हा पुण्यात डिप्लोमा करत होता. वडिलांचं इथे बाजारपेठेत सायकलचं दुकान. मुलगा हुशार, अक्षर इतकं सुरेख की शाळेच्या फळ्यावरचा सुविचार रोज तोच लिहायचा. स्फोटानंतर त्याच्या खोलीवरून त्याला आणि त्याच्या दोन मित्रांना चौकशीला नेलं. तीन दिवस ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका वाहिनीवर पट्टी आली, ‘साताऱ्याचा तरुण ताब्यात’. नाव नव्हतं, पण आमच्या गावात नाव लागत नाही. तिसऱ्या दिवशी त्याला सोडलं, त्याच्याविरुद्ध काही नव्हतंच. गुन्हा नाही, कागद नाही, सही नाही. घरमालकाने त्याचं सामान जिन्यात आणून ठेवलं होतं.

त्याचे वडील माझ्याकडे आले. ते दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. हाताला ग्रीस तसंच होतं. म्हणाले, “बाई, धरला ते टीव्हीवर सांगितलं. सुटला ते सांगतील का कोणी? तुम्ही लिहून बघा, तुमचं अक्षर चांगलंय.” मी त्या वाहिनीला पत्र लिहिलं. महिन्याने दुसरं लिहिलं. उत्तर आलं नाही. दुकानात गिऱ्हाईक कमी झालं. भांडण कोणी केलं नाही, वाईटही बोललं नाही, फक्त पंक्चर काढायला लोक वरच्या चौकात जाऊ लागले. दोन वर्षांनी दुकान बंद झालं. मुलगा आता मिरजेकडे एका वर्कशॉपमध्ये आहे. मला भेटायला येतो, पण डिप्लोमा पूर्ण केला नाही.

याच स्फोटात पुढे आणखी एका तरुणाला धरून मोठा उलगडा झाल्याचं जाहीर झालं होतं. केंद्रीय गृहमंत्र्यांनी पथकाचं अभिनंदनही केलं. नंतर तो तिथे नव्हताच असं दिसून आलं.

मे महिन्यात पुन्हा तेच पाहिलं. २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसांना मारलं, त्यात महाराष्ट्रातलेही होते. राग आम्हालाही आहे. पण ७ मेनंतरच्या रात्री तुम्ही काय दाखवलंत? कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं. कोणत्या शहरात आपलं सैन्य शिरल्याचं. बातम्यांच्या मागे धोक्याचे भोंगे वाजवत होता, इतके की १० मेला केंद्राला सांगावं लागलं, हे भोंगे बंद करा. आमच्या गल्लीत दोन मुलं सीमेवर आहेत. त्यातल्या एकाची आई तो भोंगा ऐकून माझ्याकडे अनवाणी पळत आली होती, तिला वाटलं साताऱ्यातच वाजतोय. पूँछमध्ये पाकिस्तानी तोफमाऱ्यात मेलेल्या एका शिक्षकाला काही वाहिन्यांनी दहशतवादी ठरवलं. तिथल्या पोलिसांनी स्वतः पुढे येऊन ते खोटं असल्याचं सांगितलं. मीही शिक्षिका आहे. मुलांना शिकवून आयुष्य घालवावं, शत्रूच्या तोफेने मरावं, आणि आपल्याच देशातल्या टीव्हीने दहशतवादी म्हणावं. त्या घरातल्या मुलांना काय वाटलं असेल, याचा विचार करून मी दोन रात्री झोपले नाही.

नियम नाहीत असं नाही. दहशतवादविरोधी कारवाई थेट दाखवायची नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढंच द्यायचं, हा नियम केबल टीव्हीच्या नियमावलीत २०१५पासून आहे. पोलिसांनी माध्यमांना काय सांगावं आणि काय नाही याची पुस्तिका करा, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला सांगितलं, त्यासाठी राज्यांच्या महासंचालकांच्या सूचना मागवल्या. महाराष्ट्राने काय सूचना दिल्या त्या आम्हाला वाचायला द्या, महासंचालक साहेब. त्या गुप्त असण्याचं कारण नाही.

आणखी थोडं मागणं आहे. आरोपपत्र न्यायालयात जाईपर्यंत कोणाला कॅमेऱ्यापुढे उभं करू नका. चौकशीला नेलेला माणूस निर्दोष सोडला तर तसा कागद त्याच्या हातात द्या, तुमच्या शिक्क्याचा, म्हणजे त्याला घरमालकाला दाखवता येईल. मोठ्या खटल्यात आरोपी सुटले की तिथेच फाइल मिटू नका. तपास कुठे बिघडला, कोणी बिघडवला आणि आता खऱ्या गुन्हेगाराचा शोध कोण घेतंय, हे लोकलमध्ये मेलेल्यांच्या घरी जाऊन सांगा. एकोणीस वर्षं ते थांबलेत. आणि कोपऱ्यावर उभ्या असलेल्या शिपायाच्या हातात काय आहे, त्याचा शेवटचा गोळीबाराचा सराव कधी झाला, हे दर वर्षी जाहीर करा.

संपादकांकडे एवढंच. ज्या वेळेला, जेवढ्या मोठ्या अक्षरांत चूक दाखवली, त्याच वेळेला तेवढ्याच अक्षरांत दुरुस्ती दाखवा. रात्री नऊची चूक पहाटे तीनच्या पट्टीत दुरुस्त होत नाही. पहाटे तीनला टीव्ही फक्त माझ्या आईसारखी माणसं बघतात, ज्यांचा मुलगा ड्युटीवर असतो.

आई २०१९ला गेली. भाऊ मागच्या वर्षी निवृत्त होऊन गावी आला, भात लावतो. सायकलच्या दुकानाचे ते गृहस्थ अजून आहेत, ऐकू कमी येतं. जुलैच्या निकालानंतर बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, “बाई, त्या पत्राचं काही आलं का?” पंधरा वर्षांनी.

ज्या वाहिनीने ती पट्टी चालवली तिचं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांना ते ठाऊक आहे. मी पाठवलेल्या दोन्ही पत्रांच्या झेरॉक्स माझ्याकडे तारखेसकट ठेवलेल्या आहेत. मागितल्या तर पाठवीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
मेढा, ता. जावळी, जि. सातारा
ऑगस्ट २०२५